कार्यालयातील वायफाय : अपडेट केव्हा घ्यावे आणि केव्हा थांबावे?

उल्हासनगरचे जीन्सचे कारखाने आणि फर्निचर बाजार, अंबरनाथची आनंदनगर व मोरिवली एमआयडीसी, बदलापूरची माणकिवली. या पट्ट्यात ज्याच्या भिंतीवर वायफायचा डबा नाही असा धंदा आज शोधूनही सापडणे कठीण आहे. बिल त्यावरून निघते, ई-वे बिल त्यावरून बनते, सीसीटीव्ही कॅमेरे त्यावर चालतात, पार्टीला मालाचे फोटो त्यावरूनच जातात. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. तेव्हापासून तर इंटरनेट बंद म्हणजे माल दारातच उभा, अशी अवस्था आहे.

मशीनला तेल कधी घातले, जनरेटरची सर्व्हिसिंग कधी झाली, हे आमचे कारखानदार बांधव तोंडपाठ सांगतात. मात्र वायफायच्या डब्यातील फर्मवेअर शेवटचे कधी बदलले असे विचारले, की उत्तर ठरलेले असते : "ते नेटवाल्याला माहीत." नेटवाल्याला विचारावे तर तो म्हणतो, "सेठ, चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" आमच्या मते हा निर्णय नेटवाल्याचा नव्हे, मालकाचा आहे. बटण कोणीही दाबो. केव्हा दाबायचे आणि केव्हा नाही, हे मालकाने ठरविले पाहिजे. कारण नुकसान झाले तर ते मालकाचे होते.

प्रथम हे फर्मवेअर काय प्रकरण आहे ते पाहू. वायफायचा डबा बाहेरून साधा दिसतो, पण आत तो एक छोटा संगणकच असतो. त्याला चालविणारा जो प्रोग्राम कंपनी त्यात भरून देते, तो फर्मवेअर. लहान दुकानात एकच डबा बाहेरची लाईनही सांभाळतो आणि वायफायही पसरवितो. मोठ्या कारखान्यात लाईन सांभाळणारा राउटर वेगळा असतो आणि छताला, भिंतीला लावलेले दोन-चार ॲक्सेस पॉइंट वायफाय पसरवितात. दोन्हींत फर्मवेअर असते, आणि दोन्हींसाठी कंपनी अधूनमधून नवी आवृत्ती काढते. कधी त्यात चोरवाट बुजविलेली असते, कधी एखादा दोष काढलेला असतो, तर कधी केवळ नवी सोय दिलेली असते. या तीन गोष्टींतला फरक ओळखणे म्हणजेच अर्धा निर्णय घेणे होय.

आमच्या बाजारात मालकांचे दोन प्रकार दिसतात. पहिल्यांचे म्हणणे असे की, चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची? त्यांचा डबा पाच-सात वर्षांपूर्वी बसविला तसाच असतो, पासवर्डसुद्धा तोच. दुसरे मोबाईलवर सूचना आली की लगेच बटण दाबतात, मग दुपारचे बारा वाजलेले असोत आणि समोर गिऱ्हाईक उभे असो. पहिला आळस आहे, दुसरी घाई. दोन्हींची किंमत इतरांनी मोजलेली आहे. त्यावरून आपण शिकावे, स्वतः मोजण्याची वाट पाहू नये.

आळसाची किंमत पाहा. अमेरिकेत टीजेएक्स नावाची कपड्यांच्या स्टोअर्सची मोठी साखळी आहे. तिच्या स्टोअर्समध्ये वायफायला डब्ल्यूईपी हे जुने कुलूप होते. हे कुलूप कच्चे असल्याचे २००१ सालीच जगजाहीर झाले होते आणि २००३ मध्ये त्याहून पक्के डब्ल्यूपीए आले होते. कंपनीने बदल करावयास घेतला, पण फार सावकाश. दरम्यान २००५ मध्ये चोर आत शिरले, आणि २००७ मध्ये कंपनीला सांगावे लागले की किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती चोरीस गेली. कॅनडाच्या सरकारी चौकशीने याच दिरंगाईवर बोट ठेवले. कंपनीला धोका माहीत होता, उपायही माहीत होता. चुकली ती वेळ.

दुसरे उदाहरण जवळचे. मायक्रोटिक कंपनीचे राउटर आपल्याकडे केबल इंटरनेटवाले मोठ्या प्रमाणावर वापरतात. त्यातील एका चोरवाटेवरील दुरुस्ती कंपनीने एप्रिल २०१८ मध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही, त्यांच्या राउटरांवर त्याच वर्षी ऑगस्टपासून धाड पडली. ब्राझीलपासून सुरू होऊन भारतासह अनेक देशांतील लाखो राउटर परक्यांच्या ताब्यात गेले आणि त्यावरून जाणाऱ्या लोकांच्या संगणकांना गुपचूप आभासी चलन कमाविण्याच्या कामाला जुंपले गेले. दुरुस्ती फुकट होती, आणि हाती चार महिने होते.

तिसरी गोष्ट पैशाची नाही, इज्जतीची आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी धमकीचा ई-मेल गेला, तो नवी मुंबईत सानपाडा येथील एका रहिवाशाच्या उघड्या वायफायवरून. पुढे त्याच वर्षी माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायरलेसचा असाच गैरवापर झाला. ज्यांच्या नावावर कनेक्शन होते त्यांच्या दारी पोलीस आले आणि गुन्ह्याशी काही संबंध नसताना त्यांना चौकशीला तोंड द्यावे लागले. ती नेटवर्क कुलपाविना वा कच्च्या कुलपाची होती. आज जुन्या फर्मवेअरचा डबा परक्याला तशीच वाट देतो. कनेक्शन ज्याच्या नावावर, पहिला प्रश्न त्यालाच. निर्दोष सुटका होईपर्यंत माणसाचे काय होते, बाजारातील पत कशी जाते, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. म्हणून आम्ही म्हणतो, वायफाय बंदोबस्तात ठेवणे ही हौस नव्हे, स्वतःची राखण आहे.

आता घाईची किंमत पाहा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशी बंद पाडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. हल्ला कोणीच केला नव्हता. चुकीची वस्तू सर्वांना एकाच वेळी वाटली गेली, एवढेच.

आणि ज्यात आळस व घाई दोन्हींचा धडा एकत्र मिळतो असे उदाहरण न्हावाशेवाचे आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि तिच्या समूहाकडून चालविले जाणारे न्हावाशेवातील एक टर्मिनल ठप्प झाले. ज्यांचे कंटेनर त्या बंदरातून जातात त्या अंबरनाथच्या कारखानदारांनी हे प्रकरण विसरू नये. या प्रोग्रामची सुरुवात युक्रेनमधील कर-हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली, म्हणजे विष अपडेटमधूनच आले. पण पुढे पसरण्यासाठी त्याने ज्या वाटा वापरल्या, त्यांपैकी एक होती विंडोजमधील अशी चोरवाट, जिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. अपडेट डोळे मिटून घेणारा आणि डोळे मिटून टाळणारा, दोघेही त्यात सापडले.

मग करावे काय? याचे उत्तर आमच्या कारागिरांना पिढीजात ठाऊक आहे. जीन्सचा अख्खा लॉट वॉशिंगला टाकण्यापूर्वी सँपल वॉश करतात. रंग उतरला, कापड आटले तर एका नगाचे नुकसान होते, हजाराचे नाही. कटिंग मास्टर शंभर थरांवर कात्री चालविण्यापूर्वी एक पीस कापून पाहतो. पण सँपल पाहून झाल्यावर तो महिनाभर बसूनही राहत नाही. डिलिव्हरीची तारीख असते. वायफायच्या अपडेटला हाच नियम लावावा : आधी एक डबा, मग बाकीचे, आणि दोन्हींमध्ये ठरविलेले अंतर.

हे अंतर किती, ते अपडेट कशासाठी आहे यावर ठरते. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर कंपनी एक टिपण देते. त्यात काय दुरुस्त केले ते लिहिलेले असते. इंग्रजी असले तरी घरातील कॉलेजात जाणारा मुलगा वा मुलगी ते वाचून सांगू शकते. टिपण वाचल्याशिवाय बटण दाबू नये आणि नकारही देऊ नये. त्यानुसार आम्ही चार प्रकार करतो.

पहिला प्रकार, चोरवाट सापडली आहे आणि चोर तिचा वापर करू लागले आहेत. अशा वेळी वाट पाहणे नाही. त्याच दिवशी, तासभर काम थांबवून अपडेट घ्यावे. चोर वापर करीत आहेत हे कसे कळणार? भारत सरकारची सर्ट-इन ही संस्था अशा सूचना प्रसिद्ध करते, डबा बनविणारी कंपनीही सांगते, आणि अमेरिकेची सायबर संस्था सीसा नोव्हेंबर २०२१ पासून अशा वापरात आलेल्या चोरवाटांची उघड यादी ठेवते. महिन्यातून एकदा आपल्या डब्याचे नाव तेथे पाहणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

दुसरा प्रकार, चोरवाट सापडली आहे पण तिचा वापर झाल्याची खबर नाही. येथे एका डब्यावर अपडेट घेऊन दोन-तीन दिवस पाहावे आणि दोन आठवड्यांच्या आत सर्व डबे उरकावेत. टिपण नीट वाचण्याचा फायदा येथे होतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या मॅथी व्हॅनहोफ या संशोधकाने डब्ल्यूपीए-२ मधील क्रॅक नावाचा दोष उघड केला, तेव्हा सर्वत्र घबराट झाली. पण त्याचा मुख्य मारा फोन आणि संगणकांवर होता. ॲक्सेस पॉइंटपैकी जे फास्ट रोमिंगची सोय वापरत होते त्यांनाच थेट धोका होता. केवळ डबा अपडेट करून फोन तसेच ठेवणाऱ्याने पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवले.

तिसरा प्रकार, एखादा दोष काढला आहे. वायफाय मध्येच तुटणे, डबा तापून बंद पडणे वगैरे. तो त्रास आपल्याला असेल तर अपडेट घ्यावे, नसेल तर पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबले तरी चालेल. चौथा प्रकार केवळ नव्या सोयींचा. येथे महिना-दोन महिने थांबावे आणि दुसऱ्यांचा अनुभव पाहावा. नवी सोय मिळविण्यात पहिला नंबर लावल्याने कोणाचा धंदा वाढल्याचे आम्ही पाहिले नाही.

वेळ निवडण्याचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. दर महिन्याची ११ तारीख जीएसटीआर-१ ची आणि २० तारीख जीएसटीआर-३बी ची. या तारखा आणि त्यांच्या आधीचे दोन दिवस वर्ज्य समजावेत. रमजानचे शेवटचे दहा दिवस रेडीमेड आणि चपलांच्या व्यापाऱ्यांनी, दिवाळीपूर्वीचा पंधरवडा सर्वांनी, आणि कंटेनर भरावयाचा असेल तो दिवस निर्यातदारांनी सोडावा. महावितरणने दुरुस्तीसाठी वीज बंद जाहीर केली असेल तो दिवस तर मुळीच घेऊ नये. फर्मवेअर भरले जात असताना लाईट गेली तर डबा कायमचा मुका होऊ शकतो. चोर दारात आले असतील, म्हणजे पहिला प्रकार असेल, तर मात्र यूपीएसवर डबा लावून कोणत्याही दिवशी काम करावे.

बरेच जण रात्री दुकान बंद केल्यावर हे काम उरकतात. आम्हास ते पटत नाही. रात्री अकरा वाजता बिघाड झाला तर नेटवाला फोन उचलणार नाही आणि दुकानात दुसरा डबा विकत मिळणार नाही. आपल्या साप्ताहिक सुट्टीची सकाळ सर्वांत उत्तम. आपले काम बंद असते, पण मदत मिळण्यास दिवस शिल्लक असतो.

काम करण्याची रीत साधी आहे. आधी चालू सेटिंगचा बॅकअप घ्यावा आणि जुन्या आवृत्तीचा नंबर लिहून ठेवावा. डब्याच्या खालच्या लेबलवर मॉडेल आणि हार्डवेअरची आवृत्ती छापलेली असते. त्याच नंबरची फाईल केवळ कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहून घ्यावी, व्हॉट्सॲपवर कोणी पाठविलेली नाही. एकाच मॉडेलच्या दोन हार्डवेअर आवृत्त्यांची फाईल वेगळी असू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. संगणक वायफायवर नव्हे, तर वायरने डब्याला जोडावा. अपडेट चालू असताना प्लग काढू नये. नंतर बिलाचा संगणक, बारकोड स्कॅनर, प्रिंटर, कॅमेरे आणि एखादा जुना फोन, हे सर्व जोडून पाहावे. नव्या फर्मवेअरबरोबर डब्ल्यूपीए-३ हे नवे कुलूप एकट्याने चालू झाले, तर जुने स्कॅनर व प्रिंटर जोडले जात नाहीत. तेव्हा जुने-नवे दोन्ही चालणारी सेटिंग ठेवावी आणि जुनी यंत्रे हळूहळू बदलावीत. जुन्या आवृत्तीवर परत जाता येते की नाही, हे आधीच टिपणात पाहावे. काही डबे परत जाऊ देत नाहीत.

ज्याच्याकडे एकच डबा आहे त्या लहान दुकानदाराने वा कारागिराने काय करावे? तो सँपल कशावर पाहणार? त्याने ऑटोमॅटिक अपडेट चालू करून पहाटेची वेळ ठरवून द्यावी. कधीतरी एखादे अपडेट बिघडेल, पण वर्षानुवर्षे कोणीच न पाहिलेल्या डब्यापेक्षा तो धोका लहान आहे. तोवर अडचणीला मोबाईलचा हॉटस्पॉट आहेच. चार-पाच डबे असलेल्या कारखानदाराने मात्र ऑटोमॅटिक बंद ठेवून वरील रीतीने हाताने काम करावे. डबा इंटरनेट कंपनीने दिलेला असेल तर अपडेट बहुधा तिच्याच हाती असते. आवृत्ती कोणती आहे आणि शेवटचे अपडेट केव्हा झाले, हे तिला लेखी विचारावे. तोंडी उत्तरावर धंदा चालत नाही.

एक प्रश्न राहतो, आणि तोच सर्वांत अवघड आहे. कंपनीने ज्या डब्यासाठी अपडेट काढणेच बंद केले त्याचे काय? तो चालत असतो, वायफाय देत असतो, म्हणून काढून टाकण्यास हात होत नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला की, कंपनीने सोडून दिलेले असे जुने राउटर गुन्हेगार ताब्यात घेऊन स्वतःचा माग लपविण्यासाठी वापरीत आहेत. सानपाड्याच्या प्रकरणात जे घडले तेच हे, नव्या रूपात. असा डबा कितीही चांगला चालो, तो बदलावा. काही हजार रुपये वाचविण्यासाठी दारात पोलीस येण्याचा धोका पत्करणे हा हिशेब आम्हास मंजूर नाही. नवा घेताना किंमत विचारण्याआधी कंपनी किती वर्षे अपडेट देणार, ते विचारावे.

अपडेट म्हणजे सर्व रोगांवर एकच दवा, असेही नव्हे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरातील कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते केवळ कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलला नव्हता म्हणून. तेव्हा तो पासवर्ड बदलावा, बाहेरून डब्याच्या सेटिंगमध्ये शिरण्याची सोय बंद करावी, आणि गिऱ्हाइकांच्या व कामगारांच्या फोनसाठी वेगळे नेटवर्क ठेवावे. काही अघटित घडलेच तर पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक तत्काळ फिरवावा. कंपन्यांनी लक्षात ठेवावे की, सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे असा प्रकार कळल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक आहे.

शेवटी सूचना एकच. दुकानात उधारीची वही असते, कारखान्यात हजेरीची. त्यांच्या शेजारी वायफायची एक वही ठेवावी : कोणता डबा, कोणते मॉडेल, कोणती आवृत्ती, अपडेट कोणत्या तारखेला घेतले, कोणते मुद्दाम टाळले आणि का. महिन्यातून एकदा मालकाने ती उघडावी आणि खाली सही करावी. आयटीआय व डिप्लोमा झालेल्या आपल्या मुलांना या तीन शहरांत हे काम वार्षिक कराराने मिळू शकते, आणि त्यांना ते जरूर द्यावे. पण सही मालकाचीच असावी. गिऱ्हाइकाची माहिती, कामगाराचे आधार, पार्टीचा बँक खाते नंबर हे सारे त्या डब्यातून रोज जाते. ती आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, आणि अमानतीची जबाबदारी नेटवाल्यावर ढकलता येत नाही.